खुर्चीपुरती वाट

ये गं शलाका, अशी जवळ बस. म्हणजे बसली आहेस असं मी धरून चालते, कारण तू काही येत नाहीस. हिंजवडी काही परदेशात नाही. पण तिथून नारायण पेठेत यायला तुम्हां लोकांना व्हिसा लागत असावा. मावशी आहे की गेली, हे तुला फोनवरच्या माझ्या आवाजावरून कळतं आणि तेवढ्यावर तुझं भागतं. असो. रागवायचं ते रागावून झालं, आता ऐक.

परवा फोनवर तू फार खुशीत होतीस. तुमच्या सोसायटीत कुणी एक गृहस्थ रोज गाडी आडवी लावतो, त्याला तू ग्रुपवर कसा झणझणीत टोमणा मारलास, किती जणांनी हसरी तोंडं पाठवली, हे सगळं सांगून झाल्यावर म्हणालीस, "मावशी, अगदी आपल्या सत्कारकाकूंसारखं जमलं बघ मला." मी नुसतं बरं म्हटलं. पण नंतर मेथी निवडताना ते मनातून जाईना. मी विचारलंच नाही, की मग त्या माणसानं गाडी काढली का? आणि दुसरं म्हणजे, तुला काकू अर्ध्याच ठाऊक आहेत. सुट्टीत तू माझ्याकडे यायचीस तेवढ्याच. पुढच्या काकू तुला कुणी सांगितल्या नाहीत.

सत्कारकाकू कधी वाईट बोलत नसत, हेच त्यांचं वाईट होतं. शिवी नाही, आवाज चढणं नाही, अहो-जाहो सुटणं नाही. एखादा माणूस गल्लीत नको ते करताना सापडला, की त्या शाल आणि नारळ घेऊन त्याच्या दारात उभ्या राहत आणि चारचौघांत त्याचा सत्कार करत. वर छोटंसं भाषण. ते ऐकताना माणसाला दोन वाक्यं फार बरं वाटे, तिसऱ्या वाक्याला कान तापत. शाल एकच होती, तपकिरी, किनारीला जराशी विरलेली. सत्कार आटोपला, की माणसाच्या खांद्यावरून काढून, घडी घालून परत काखेत. कुणी गोंधळून बघितलं तर म्हणत, "पांघरायची होती, न्यायची नव्हती." नारळ मात्र देऊन टाकत. पुढे नारळ महागला तेव्हा सुपारीवर भागवू लागल्या.

हे कुठून आलं विचारशील, तर पोस्टातून. उभा जन्म त्या पोस्टाच्या खिडकीत बसल्या होत्या. समोरचा माणूस नेहमी चुकीच्याच खिडकीशी उभा असतो, ही त्यांची श्रद्धा होती, आणि निवृत्त झाल्यावर ती श्रद्धा त्या घरी घेऊन आल्या. तिसऱ्या मजल्यावरून कुणी पिंक टाकली तर खालून शांतपणे म्हणत, "वरून आशीर्वाद मिळाला, पण तो पदरावर पडलाय. धुवायला आपण खाली येताय की पदर वर पाठवू?" कुणी कचऱ्याची पिशवी कोपऱ्यात ठेवून सटकला, तर ती दोन्ही हातांनी उचलून त्याच्या घरी नेत. "आपली विसरली होती. मौल्यवान असेल म्हणून जपून आणली." आणि ज्याच्या हातात ती ठेवली, त्याच्या बायकोकडे बघून वर एक मंद हसू. त्या हसण्यापेक्षा दंड परवडला असता.

आता हे नुसती जिरवण्याची हौस म्हणून चाललं असतं, तर मी त्यांच्यावर एवढं बोलले नसते. पेठेत अशी हौस घरटी एकाला असते. काकूंना एक गोष्ट खरंच हवी होती. ती म्हणजे नानांची खुर्ची जाईल एवढी वाट.

नाना म्हणजे काकूंचे यजमान. छापखान्यात मुद्रितं तपासायचे. बायको इतकी बोलकी, म्हणून असेल, माणूस अबोल. त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, होतं तेवढं बोलणंही गेलं. मागे एकच शब्द स्वच्छ राहिला: चहा. कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात संध्याकाळी छापखान्यातले त्यांचे जुने सोबती जमत. काकू चाकांच्या खुर्चीत घालून त्यांना तिथं नेत. तिथं नाना बोलत नसत, ऐकत. बशीतून चहा पीत. ज्या दिवशी खुर्ची कोपऱ्यापर्यंत पोचे, त्या रात्री नाना पोळी-भाजी निमूट खात. ज्या दिवशी मध्येच अडून परत फिरे, त्या रात्री ताट भरलेलं तसंच उचलावं लागे. काकू मला म्हणत, "यांची भूक पोटात नाही हो, कोपऱ्यावर आहे."

आणि आपली गल्ली तुला माहीत आहे. दोन इमारतींनी एकमेकींना कोपर मारून ठेवलेली जागा. त्यात दोन्ही बाजूंना दुचाक्या. मधून माणूस आडवा होऊन जातो, खुर्ची कशी जाणार?

पहिला मोठा सत्कार समोरच्या वकीलसाहेबांचा झाला. त्यांची स्कूटर बरोबर जिथं गल्ली सर्वांत अरुंद, तिथंच उभी असे. रविवारी सकाळी काकू त्यांच्या दारात. मागे आम्ही आठ-दहा जण, उगाच, गंमत म्हणून.

"वकीलसाहेब, जरा वाकता का, शाल पोचत नाही."

ते बिचारे वाकले. काकूंनी घसा साफ केला. "रस्ता सगळ्यांचा असतो, असा एक गैरसमज आपल्या गल्लीत होता. साहेबांनी नेमानं एकाच जागी स्कूटर लावून तो दूर केला. रहिवाशांच्या वतीनं हा लहानसा सन्मान."

"काकू, हे जरा जास्त होतंय."

"जास्त कुठं, एकच नारळ आहे."

जिन्यात काय हशा. दुसऱ्या दिवशी स्कूटर हलली हे खरं. ती शेजारच्या इमारतीच्या जिन्यासमोर आली. नानांची खुर्ची आधी जिथं अडायची, तिथून चार पावलं पुढे जाऊन अडायला लागली. पण सत्काराची गोष्ट पार लक्ष्मी रोडपर्यंत गेली, आणि लोक काकूंना वाटेत थांबवून विचारू लागले, पुढचा नंबर कुणाचा.

पुढचा नंबर अभ्यासिकेतल्या मुलांचा. स्पर्धा परीक्षेला बसणारी, लांबलांबची. त्यांच्या गाड्यांची रांगच्या रांग. काकूंनी त्यातल्या एका वाशीमकडच्या मुलाला शाल पांघरली आणि "आपल्या गाड्यांमुळे गल्लीला भिंत मिळाली" असं काहीसं बोलल्या. तो पोरगा पटकन त्यांच्या पाया पडला. "काकू, घर सोडल्यापासून आमचा असा मान कोणी केला नव्हता जी." नारळ तिथंच पायरीवर फोडला, अर्धा काकूंच्या हातात दिला. आणि काकू चांगल्या वाटल्या म्हणून मुलांनी गाड्याही मागच्या बोळात नेल्या. काकू घरी आल्या त्या धुसफुसत. "एवढाली पुस्तकं वाचतात आणि साधा टोमणा कळत नाही. आणि हे उद्या जिल्हा चालवणार." नानांना त्या दिवशी चहा मिळाला, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. पुढे मुलं बदलली, गाड्या परत आल्या.

मग आले भाऊ. भाऊ याच गल्लीतले. वडलांची पिठाची गिरणी होती. गिरणी बंद करून त्या गाळ्यात भाऊंनी जनसंपर्क कार्यालय काढलं. दारावर 'भावी नगरसेवक' असं रंगवून घेतलं. निवडणुका पुढे पुढे जात राहिल्या आणि भाऊ भावीच राहिले. गाळा लहान, कार्यकर्ते आडदांड, म्हणून प्लॅस्टिकच्या खुर्च्या बाहेर आल्या. जनतेशी संपर्क इतका वाढला, की जनतेला अंग चोरून जावं लागे. नानांच्या एका खुर्चीला त्या सगळ्या खुर्च्या आडव्या.

काकूंनी या सत्काराची तयारी केली ती लग्नघरासारखी. सुपारी नाही, नारळ. तोही पाणी हलवून बघून आणलेला. कार्यकर्त्यांना वाटलं खराच सत्कार आहे, त्यांनी हार मागवला. अख्खी गल्ली खाली उतरली, जे उतरले नाहीत ते खिडक्यांत. काकू बोलल्या, आणि काय बोलल्या. "रस्ता चालण्यासाठी असतो, ही जुनी समजूत. भाऊंनी तिथं लोकांना बसवलं. चालत्या गल्लीला यांनी बसवलं. उद्या हे शहरही बसवतील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही." वकीलसाहेब हसता हसता कठड्याला धरून उभे राहिले. भाऊ मात्र हात जोडून, मान खाली घालून, फार नम्र. मोबाइलवर फटाफट फोटो निघाले. शेवटी काकूंनी नेहमीप्रमाणे शालीला हात घातला, तर भाऊंनी ती छातीशी धरली. "राहू द्या काकू. तुमची आठवण." शाल पहिल्यांदाच परत आली नाही.

दोन दिवसांनी गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. हा एवढा. काकू भाऊंना शाल पांघरतायत, काकूंच्या तोंडावर ते मंद हसू, आणि वर अक्षरं: 'ज्येष्ठ भगिनींकडून कार्यसम्राट भाऊंचा हृद्य सत्कार'. खाली गॉगल घातलेली पंधरा-वीस तोंडं. फ्लेक्स उभा करायला रस्त्यात खड्डे घेऊन बांबू रोवले होते. आधी खुर्ची निदान कधीतरी, तिरकी करून, कुणाची गाडी ढकलून जायची. आता बांबू आणि गाड्या यांच्यामधून ती जाणं शक्यच नव्हतं.

गल्ली पेटून उठली, म्हणजे जिन्यात जमली. प्रत्येकाकडे एक टोमणा तयार होता. वकीलसाहेब म्हणाले, फ्लेक्सखाली दुसरा फ्लेक्स लावू, 'याच बांबूवर वाळवण घालून मिळेल.' कुणी म्हणालं, भाऊंच्या बांबूची पूजा करू. कुणी म्हणालं, नाही, श्राद्ध. चहा झाला, हसून हसून डोळ्यांत पाणी आलं, सगळे आपापल्या घरी गेले. बांबू उपटावा, असं त्या सभेत एकाही शहाण्याला सुचलं नाही.

आणि वर घरात नाना. संध्याकाळ झाली, की दाराकडे बघून म्हणत, चहा. काकू घरी करून द्यायच्या, आलं घालून. नाना तोंड फिरवायचे. ताट तसंच उचललं जायचं. मी एकदा त्यांच्यासाठी मऊ खिचडी घेऊन गेले, तर काकू म्हणाल्या, "ठेवून जा. मीच खाईन, नाहीतर वाया जायची." त्यात कुठेही खोच नव्हती गं. काकूंच्या बोलण्यात खोच नाही म्हणजे ताप आल्यासारखंच.

त्याच संध्याकाळी मी कोथिंबीर घेऊन येत होते. बघते तर काकूंनी नानांना खाली आणलं होतं. खुर्ची बांबूला टेकवून उभ्या. पलीकडे कोपऱ्यावर म्हातारे सोबती दिसत होते, एकानं हात केला, नानांनी डावा हात वर केला. भाऊ कार्यालयाच्या दारात बसले होते. काकूंनी सुरुवात केली, "भाऊ, आपला फोटो..." आणि खिडक्या उघडल्या. वकीलसाहेब बाल्कनीत आले. सगळ्यांचे कान टवकारले.

नाना म्हणाले, "चहा."

काकू थांबल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, यांना कोपऱ्यावर चहाला न्यायचंय. खुर्ची जात नाही. हा बांबू काढा."

भाऊ वाट बघत राहिले. "आणि?"

"आणि काही नाही."

"यात टोमणा कुठाय?"

"नाहीये."

भाऊ उठून जवळ आले. "काकू, मी याच गल्लीत पीठ खाऊन मोठा झालोय. त्या दिवशीचं तुमचं भाषण मला शब्द न् शब्द कळलं. पण ते ऐकलं गल्लीनं, आणि फोटो बघतो अख्खा वॉर्ड. टोमणा काही फोटोत येत नाही."

"आणि नाना रोज अडतात, ते?"

"खरं सांगू? मी फोटोकडे बघत होतो. बांबूकडे बघा, असं कुणी म्हणालंच नाही. सत्कार तेवढा केलात."

त्यांनी दोन पोरांना हाक मारली, बांबू उपटला, स्वतः खुर्ची धरून नानांना कोपऱ्यावर नेलं. नानांनी बशीतून चहा पिताना जो आवाज काढला, तो मला अजून ऐकू येतो. काकू बाहेरच पदर हातात धरून उभ्या होत्या. मी म्हटलं, घ्या ना अर्धा. त्या म्हणाल्या, "नको. आज मला फार लाज वाटतीय. एवढं सोपं होतं." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "सोपं नव्हतं हो. जीभ जड झाली होती."

भाऊंना फार चांगलं समजू नकोस. तो फ्लेक्स त्यांनी फेकला नाही. दुसऱ्या दिवशी तो आमच्या इमारतीला लागला, नेमका माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर. कितीतरी दिवस मी भरदुपारी दिवा लावून फोडणी दिली. शेवटी मीही खाली जाऊन म्हटलं, भाऊ, मला कांदा दिसत नाही, काढा. काढला.

खरी नाराज झाली ती गल्ली. वकीलसाहेब म्हणाले, "काकू संपल्या." जशी काही त्यांची चालू मालिका बंद पडली. कारण काकूंनी सत्कार सोडलेच. संध्याकाळी खुर्ची काढण्याआधी त्या एकट्या गल्लीभर फिरत आणि दारोदार तेच वाक्य, ना कमी ना जास्त: "नाना निघतायत. गाडी सरकवा." लोक कुरकुरत, पण उठत. वकीलसाहेबही चपला शोधत खाली येत. मला एकदा चिडून म्हणाले, "टोमण्याला उत्तर देता येतं हो. याला काय देणार?" इतकी वर्षं ज्या हुशारीवर आपण सगळे टाळ्या पिटत होतो, तिनं खुर्चीला एक वीतभर जागा मिळाली नव्हती. या एका मठ्ठ वाक्यानं ती मिळाली.

नाना पुढच्या थंडीत गेले. आदल्या संध्याकाळीही कोपऱ्यावर जाऊन आले होते. त्यांचं दिवसकार्य व्हायच्या आतच त्या मोकळ्या जागेत गाड्या आल्या. पहिली कुणाची आली असेल, ते तू ओळख. स्कूटर आहे एवढं सांगते.

मग काकूंची इमारत पाडायला निघाली आणि मुलगी त्यांना हडपसरपलीकडे, मांजरी गावात घेऊन गेली. उसाच्या शेजारी नवे मनोरे झालेत, त्यातल्या एकात. निघायच्या दिवशी गल्लीनं ठरवलं, की काकूंचा एकदा खराखुरा सत्कार करायचा. भाऊंनी नवी शाल आणली, अभ्यासिकेतली मुलं हार घेऊन आली. काकू सामानाच्या टेम्पोपाशी उभ्या होत्या. शाल बघितली आणि त्यांचा चेहरा पडला. "मी कुणाची वाट अडवली?" त्यांनी विचारलं. सगळे हसले. मी त्यांच्या जवळ होते म्हणून मला दिसलं, त्या गंमत करत नव्हत्या. भाऊंनी शाल पांघरली, भाषण करायला तोंड उघडलं. पण एवढंच म्हणाले, "काकू, जाऊ नका." काकूंनी त्यांच्या हातावर थोपटलं आणि टेम्पोत ड्रायव्हरशेजारी चढून बसल्या.

मध्यंतरी त्यांचा फोन आला. मी विचारलं, तिथं कसं काय? म्हणाल्या, "पार्किंग तीन मजली आहे. रस्ता व्हायचाय." मला बरं वाटलं, म्हटलं, जीभ शाबूत आहे. आणि मग म्हणाल्या, "मला इथं करमत नाही. मुलगी-जावई सकाळी जातात. दिवसभर बोलायला कुणी नाही. येऊन जा."

जुन्या काकू असत्या तर म्हणाल्या असत्या, पेठेतल्या लोकांना हडपसरच्या पलीकडे जग आहे हे कळवावं म्हणून फोन केला. आणि मी हसले असते, आणि गेले नसते. या वेळी मी दोन बस बदलून, गुडघ्याला पट्टा बांधून गेले. दुपारभर बसलो. फार काही बोललो नाही. दोनदा चहा झाला.

तर त्या ग्रुपवर तू जे लिहिलंयस ते ठेव हवं तर, हसली असतील माणसं. पण उद्या सकाळी खाली जा आणि त्या गृहस्थाला सांग, अमुक वाजता मला निघायचं असतं, गाडी सरळ लावा. जीभ जड होईल. होऊ दे.

आणि माझं ऐक. तुझी फार आठवण येते गं. संध्याकाळी घर मोठं वाटतं. या रविवारी येतेस का? नाही जमलं तर त्याच्या पुढच्या. पण ये. लवकर ये.